तूप जुनं नव्हतं

मागच्या महिन्यात माझ्या पुतणीच्या नातवाचं बारसं झालं. पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आता तीच सत्तरीच्या पुढे आहे. बारशाला आलेल्या एका बाईंनी बाळासाठी घरी केलेलं काजळ आणलं होतं, छोट्या चांदीच्या डबीत. पुतणीने डबी उघडून पाहिली, कौतुक केलं आणि परत त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "आमच्या घरात काजळ चालत नाही. माझ्या आईच्या काजळाने काकूचे डोळे जायची वेळ आली होती."

काकू म्हणजे माझी बायको. मी समोरच खुर्चीत बसलो होतो. हातात घुगऱ्यांची वाटी होती. मी घुगऱ्या खात राहिलो.

बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असं आताचे डॉक्टर सांगतात, आणि त्यांचं ऐकावं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरातलं काजळ डॉक्टरांमुळे बंद झालं नाही. ते माझ्यामुळे बंद झालं. हे माहीत असलेली दोनच माणसं होती, मी आणि माझी बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि दुकानदार अजून आण्यांतच भाव सांगायचे, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दापोडीला चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही नवरा-बायको. आमचं गाव नगरकडचं. दादा आधी आला, मोटारगाड्यांच्या बॉड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागला आणि दोन वर्षांनी त्याने मला तिथेच रंगखात्यात चिकटवलं. वहिनी मात्र इकडच्याच, महाळुंग्याच्या. महाळुंगे तेव्हा नुसतं शेतांचं गाव होतं. आज तिथे कारखान्यांच्या भिंतींमधून वाट काढावी लागते, ते सोडा.

चाळीत बहुतेक बायका सातारा शहरातल्या, कोकणातल्या, एकदोन पुण्याच्या. वहिनींचं "व्हय" आणि "न्हाई" ऐकून त्या आपसांत हसायच्या. वहिनींना ते कळायचं. पण त्याच बायका बाळंतपण जवळ आलं की रिकामी डबी घेऊन वहिनींच्या दारात यायच्या, कारण वहिनींसारखं काजळ त्या भागात कोणी करत नव्हतं.

मी ते करताना कितीदा तरी पाहिलं आहे. माहेराहून आलेल्या एरंडाचं तेल त्या स्वतः काढायच्या. पणतीत ते तेल आणि जुन्या मऊ लुगड्याची वात. पणतीच्या दोन बाजूंना दोन विटा, त्यांच्यावर तांब्याचं ताट पालथं, ताटाला आतून चंदनाचा पातळ लेप. ताटावर धरलेली काजळी सकाळी पिंपळाच्या पानाने खरवडून घ्यायच्या. आणि मग तूप. तेही माहेरचंच, त्यांच्या भावाच्या गाईचं. दुसऱ्या तांब्याच्या ताटात तूप आणि पाणी घेऊन तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. मोजायला त्या शेजारी दहा चिंचोके ठेवत आणि दर दहा धुण्यांना एक बाजूला सारत. दहावा चिंचोका सरकला की तूप लोण्याहून पांढरं झालेलं असायचं आणि त्याला तुपाचा वास उरत नसे. त्यातलं थोडं काजळीत मळायचं. उरलेलं वेगळ्या वाटीत ठेवायचं. कोणाच्या डोळ्यांभोवतीची कातडी कोरडी पडली, बारीक सुरकुत्या धरल्या, तर त्या हे नुसतं तूप बोटावर देत. पैसे कोणाकडूनही घेत नसत.

माझी बायको लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने आजारी पडली. त्यातून उठली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. सकाळी पापण्यांखाली थोडी सूजही असायची. वहिनींनी पाहिलं आणि सांगितलं, तूप लाव, लोखंडी तव्यातली पालेभाजी खा, दुपारी घटकाभर पड, दोन महिन्यांत उतरेल. आज विचार केला तर त्या सांगण्यात काही चुकीचं नव्हतं. पण मला ते गावठी वाटलं. मी महिन्याला पगार घेणारा माणूस, माझ्या बायकोने डोळ्यांना तूप चोपडून बसावं हे मला पटत नव्हतं.

त्यात नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊन सगळं पाहायची परवानगी असे. बायका ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या. आपण कुठे काम करतो हे बायकोला दाखवायचा तो वर्षातला एकच दिवस. माझ्या बायकोची ती पहिलीच खंडेनवमी होती. तिच्या आठ दिवस आधी मी डबा घरी विसरलो आणि ती तो द्यायला फाटकापाशी आली. माझ्याबरोबर गाड्यांवर अक्षरं काढणारा एक रंगारी होता, त्याने तिला पाहिलं. ती गेल्यावर तो म्हणाला, "काय राव, घरी पण ओव्हरटाइम चाललाय वाटतं. वहिनींच्या डोळ्यांखाली दोन्ही शिफ्टा दिसतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी घरी न जाता मी पिंपरीला गेलो.

पिंपरीत तेव्हा सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत पत्र्याची दुकानं होती. त्यातलं एक औषधं आणि सौंदर्याच्या वस्तूंचं होतं. म्हातारा दुकानदार सिंधमध्येही हाच धंदा करत होता. मी म्हटलं, डोळ्याखालच्या काळ्यासाठी काहीतरी द्या. त्याने लगेच काही दिलं नाही. आधी विचारलं की नुसतं काळं आहे, का सूज आहे, का कातडी कोरडी आहे? मी म्हटलं, काळं आहे आणि सकाळी सूज. आजारातून उठली आहे का? हो. मग तो म्हणाला, सुजेला थंड पाण्याची पट्टी पुरे. काळं हे अशक्तपणाचं आहे, ते पोटातून जाईल. काही लावायचंच असेल तर साधं कोल्डक्रीम घ्या, करंगळीच्या टोकावर मावेल एवढंच, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं.

म्हणजे हा मनुष्यही वहिनींचंच बोलत होता, फक्त तुपाच्या जागी कोल्डक्रीम. मला राग आला. मागच्या फळीवर एक काचेची डबी होती आणि तिच्या कागदावर एका बाईचा अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरा काढला होता. मी ती मागितली. त्याने सांगितलं की ती गालावरच्या वांगाच्या काळ्या डागांसाठी आहे, जोरकस आहे. "आँख के पास बिलकुल नहीं, भाई. उधर चमड़ी कागज़ जैसी होती है।" मी म्हटलं, गालालाच लावायची आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डबी कागदात बांधून दिली.

या ठिकाणी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचा मूर्खपणा कळणार नाही. गाडीचा जुना रंग काढताना आम्ही त्यावर रंग उतरवायचं औषध जाड थापायचो. ते वाळलं तर काम करत नाही, म्हणून वरून ओलं गोणपाट टाकायचो. तासाभराने रंग फुगून यायचा, मग लोखंडी पत्तीने खरवडायचा. पातळ लावणारा आणि घाई करणारा माणूस रंगखात्यात कच्चा समजला जायचा. मी कच्चा नव्हतो. बायकोच्या डोळ्यांखालचं काळं मला रंगच वाटलं, आणि जी रीत मला येत होती तीच मी वापरली.

मी सकाळच्या शिफ्टला होतो. दुपारी घरी यायचो तेव्हा वहिनी मुलांना घेऊन नदीवर धुणं धुवायला गेलेल्या असायच्या. बायकोला खाली निजवून मी स्वतः ते क्रीम तिच्या डोळ्यांखाली आणि पापण्यांवर जाड थापलं आणि वरून ओल्या धडप्याची घडी ठेवली. तिला सांगितलं, घरात बोलू नकोस. नव्या सुनेचे नखरे म्हणून दादा दोघांनाही बोलेल. डबी मी माझ्या कामाच्या पिशवीत ठेवत होतो. खुंटीवरच्या त्या पिशवीला कोणी हात लावत नसे.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, चुरचुरतंय."

मी म्हटलं, "चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय."

दुसऱ्या दिवशी तिथली कातडी थोडी लाल झाली. मी म्हटलं, उतरायला लागलं. तिसऱ्या दिवशी ती नको म्हणाली, तरी मी लावलं. वहिनींना लाली दिसली, पण तिने चुलीच्या धुराचं निमित्त सांगितलं. पाचव्या माळेला सकाळी डोकं धुऊन झाल्यावर वहिनींनी तिला समोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत काजळ घातलं. धुराने आग होते आहे ना, थंड वाटेल, असं त्या म्हणाल्याचं बायकोने मला नंतर सांगितलं. दुपारी मी चौथ्यांदा क्रीम लावलं. दिवेलागणीपर्यंत तिच्या दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या. डोळ्यांखालची कातडी सोलून ओली झाली होती आणि काजळ फुटून त्यात पसरलं होतं. पाहणाऱ्याला फक्त काजळ दिसत होतं.

शेजारच्या बायका जमल्या. कोणीतरी म्हणालं, काजळ बाधलं. दादा कामावरून आला. त्याने विचारलं, काय घातलं होतं हिच्या डोळ्यांत? वहिनी हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "म्या सकाळी काजळ घातलं व्हतं. दुसरं काय बी न्हाई."

दादा माझ्याकडे वळला. त्याने मला विचारलं, तुला काही ठाऊक आहे का? खुंटीवरची पिशवी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. बायकोला काही दिसत नव्हतं, पण तिने तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला केलं होतं.

मी म्हणालो, "काजळच असणार."

लोक समजतात की अशा वेळी माणूस गप्प बसतो आणि गप्प बसणं एवढंच त्याचं पाप असतं. माझं तसं नाही. मी बोललो. शेजारणींच्या देखत, स्पष्ट आवाजात बोललो.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. ते म्हणाले, डोळे आतून चांगले आहेत. ही कातडी बाहेरून भाजली आहे, काहीतरी जोरकस लावलेलं दिसतंय. काय लावलं होतं? मी म्हटलं, घरचं काजळ. त्यांनी मान हलवली आणि उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, वरून साधं मलम, दुसरं काहीही नाही, एवढं सांगितलं. डोळे आतून चांगले आहेत हे मी घरी येऊन सांगितलं. बाहेरून भाजल्याचं सांगितलं नाही. परत येताना खिशातून नेलेली क्रीमची डबी नदीत टाकली. तसल्या क्रीममध्ये त्या काळी पारा असायचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

तीन आठवड्यांत ती बरी झाली. डाव्या डोळ्याखाली कातडीचा एक फिका ठिपका तेवढा कायम राहिला. काळी वर्तुळंही पुढे पौषापर्यंत गेली, वहिनींनी तिला रोज पालेभाजी खाऊ घातली म्हणून. खंडेनवमीला मी एकटाच कारखान्यात गेलो. त्या रंगाऱ्याने विचारलं, बायकोला नाही आणलं? मी म्हटलं, ताप आहे.

वहिनींचं मात्र बरं झालं नाही. चाळीतल्या बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण डब्या येणं थांबलं. एकीने आधी नेलेली भरलेली डबी आमच्या उंबऱ्यावर ठेवून दिली आणि गेली. दुसरीच्या बाळाचे डोळे मागे कधीतरी आले होते, तेही आता काजळामुळेच असं ठरलं.

वहिनी चूक शोधायला लागल्या. मला आठवतं ते हेच जास्त. त्यांनी वात बदलली, तेल बदललं, चंदनाचं खोड बदललं. प्रत्येक वेळी नवं काजळ करून आधी स्वतःच्या डोळ्यांत घालायच्या आणि दिवसभर आरशात पाहायच्या. काहीच होत नसे. काही झालं नाही म्हणून त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण त्या आणखी घाबरत, कारण चूक सापडत नव्हती.

बायकोने मला सांगितलं, मी बोलते, तुमचं नाव घेत नाही, क्रीम मीच आणलं होतं म्हणते. मी म्हटलं, तू एकटी पिंपरीला कधी गेलीस, दादाला लगेच कळेल. तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी अडवलं. खरं सांगायचं तर मला दादाची तेवढी भीती नव्हती. तो दोन दिवस बोलला असता आणि विसरला असता. बायकोच्या तोंडाला रंग उतरवायची रीत लावली हे रंगखात्यात कळलं असतं तर मला जन्मभराचं नाव पडलं असतं. मी त्या हसण्याला भ्यालो.

दिवाळीनंतर एका रविवारी मी दारात बसलो होतो. वहिनी काजळाची डबी आणि धुतलेल्या तुपाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"भावजी, तुमी रंगाच्या कामाचं मानूस. कशात काय मिसळलं तर तुमास्नी कळतंय. बघा की, ह्यात माझं काय चुकलं."

मी डबी घेतली. बोटाला काजळ लावून चोळलं, वास घेतला. मग वाटीतलं तूप चोळलं. त्यात काही चूक नव्हती. असं एकजीव काम मी आमच्या खात्यात चांगल्या कारागिराकडूनही कमीच पाहिलं होतं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी बोलल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या.

मी म्हटलं, "तूप जुनं असेल."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शेवटी कोणीतरी कारण दिलं होतं. मला वाटलं, चला, सुटलो. पण पुढच्या महिन्यात त्यांचा भाऊ महाळुंग्याहून नेहमीसारखा तुपाचा तांब्या घेऊन आला, तेव्हा वहिनींनी तो घेतला नाही. बहिणीला जुनं तूप देतोस, माझ्या जावेचे डोळे जात होते, असं त्या त्याला सगळ्यांसमोर बोलल्या. तो साधा माणूस. तो शपथेवर सांगत होता की तूप आठवड्याच्या आतलं असतं. मग तांब्या उचलून निघून गेला. पुढच्या वर्षीची भाऊबीज आली आणि गेली, पण तो तुपाचा तांब्या घेऊन पुन्हा आला नाही. येणं-जाणं सुरू राहिलं ते लग्नकार्यापुरतं. काजळाचं ताट पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून गेलं.

एका माणसाने ते काजळ सोडलं नाही. उंबऱ्यावर परत आलेली डबी माझ्या बायकोने उचलून ठेवली होती. कातडी भरून आल्यावर ती रोज त्यातलं काजळ घालू लागली. वहिनींनी पाहिलं तेव्हा त्यांनी तिचा हात धरला, म्हणाल्या, पुन्हा डोळं घालवायचं हाय का? ती म्हणाली, "मला बाधत नाही, जाऊबाई." वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलं असेल का, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही. डबी आठ-नऊ महिने पुरली.

हे इथवर लिहून झालं आणि मला जाणवलं की नुसतं लिहून ठेवणं म्हणजे पुन्हा पिशवीत लपवणंच आहे. मी संत तुकाराम नगरला राहतो, पुतणी चिंचवडला. मी रिक्षा केली आणि तिच्याकडे गेलो. घरात ती एकटी होती. मी सगळं सांगितलं, त्या रंगाऱ्याच्या बोलण्यापासून तुपाच्या वाटीपर्यंत. ती रडेल किंवा मला जा म्हणेल असं वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही.

तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मामाचं तूप चांगलं होतं?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, आई शेवटच्या आजारातही मामाने आणलेलं काही तोंडात घेत नव्हती. मामा दाराबाहेर बसून असायचा. मला ते माहीत होतं. मी त्याच्या शेजारीच बसलेला असायचो.

पुतणी आत गेली आणि मोबाईल घेऊन आली. मामा आता नाही, त्याचा मुलगा महाळुंग्यात आहे. साठी उलटलेला माणूस, जमिनीवर आता शेड भाड्याने दिल्या आहेत. तिने त्याचा नंबर लावला, "काकांना बोलायचंय," एवढं म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्याने बोललो. मी म्हटलं, तुझ्या वडिलांच्या तुपात दोष होता असं मी वहिनींना सांगितलं होतं. ते खोटं होतं. दोष मी आणलेल्या क्रीममध्ये होता आणि ते लावलंही मीच. मग तो म्हणाला, बापाने त्या वर्षी ती गाय विकून टाकली होती. का विकली ते त्याने घरात कधी सांगितलं नाही.



"काका," तो म्हणाला, "आत्ता जे बोलला त्ये परत एकदा बोला. आई शेजारी बसलीया, तिला ऐकू द्या. ती घुसळायची ते तूप."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.